पाण्याचा हिशोब : भाजलेल्या माणसाचे पहिले चोवीस तास



आमचा विषय तत्त्वज्ञान. माणसाला एखादी गोष्ट कळते ती कशी, आणि समोर असूनही कळत नाही ती का, हे आम्ही आयुष्यभर शिकवलं. तेव्हा भाजलेल्या रुग्णाला शिरेतून सलाईन देण्याच्या इतिहासावर हे गृहस्थ काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. वैद्यकीय सल्ला आम्ही देणार नाही, तो आमचा अधिकार नाही. पण हा इतिहास वाचताना आम्हाला असं दिसलं की एक गोष्ट पुराव्यासकट साठ-सत्तर वर्षं डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होती, आणि ती न दिसल्यामुळं माणसं जात राहिली. पुढं ती दिसली, तिचं सूत्र बनलं, आणि मग त्या सूत्रापायीही काही माणसं गेली. हे दोन्ही कसं घडलं ते आज बघू.

आधी रोग समजून घ्यायला हवा. खूप भाजलेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो. नाव-पत्ता सांगतो, स्टोव्ह कसा भडकला ते सांगतो, पाणी मागतो. नातेवाईकांना वाटतं, बोलतोय ना, म्हणजे वाचला. आणि काही तासांत लघवी कमी होत होत थांबते, हातपाय गार पडतात, नाडी बारीक होते. उपचार नसेल तर माणूस एक-दोन दिवसांत जातो. बोलता बोलता गेला, असं मागं राहिलेले म्हणतात. या एका वाक्यात या रोगाचं सगळं कोडं आहे.

काय होतं ते असं. आपल्या बारीक केशवाहिन्यांच्या भिंती गाळणीसारख्या असतात. पाणी आणि मीठ त्यातून ये-जा करतं, पण प्रथिनं बहुतांशी आत राहतात, आणि तीच पाण्याला रक्तात धरून ठेवतात. भाजलं की ही गाळणी फाटल्यासारखी होते. पाणी, मीठ, प्रथिनं, सगळंच वाहिनीबाहेर पडतं. आपला मातीचा माठ पाझरतो, पण त्याचं पाणी बाहेर येतं, दिसतं. इथं पाझर शरीराच्या आतच होतो. थोडं पाणी फोडांत आणि जखमेवर दिसतं, बाकीचं मांसात साठून सूज येते. शरीराचा साधारण वीस-पंचवीस टक्क्यांहून जास्त भाग भाजला असेल तर न भाजलेल्या भागातल्या केशवाहिन्याही पाझरू लागतात. तांबड्या पेशी मात्र वाहिनीतच राहतात, त्यामुळं उरलेलं रक्त दाट होत जातं. हृदयाला ढकलायला पुरेसं रक्त उरत नाही, मूत्रपिंडाला पुरेसं पोचत नाही. म्हणजे माणूस सुजलेला दिसतो, आणि आतून कोरडा पडत असतो. डोळ्यांना जे दिसतं त्याच्या अगदी उलट आत चाललेलं असतं.

आता इतिहास. तो भाजण्यापासून सुरू होत नाही, पटकीपासून सुरू होतो. १८३१ साली इंग्लंडात कॉलरा पोचला तेव्हा विल्यम ब्रूक ओशॉनेसी नावाचा बाविशीतला आयरिश डॉक्टर संडरलंडला गेला आणि त्यानं रुग्णांचं रक्त तपासलं. रक्तातलं पाणी गेलं आहे, क्षार गेले आहेत, ते परत द्यायला हवेत, असं त्यानं लिहिलं. ते वाचून स्कॉटलंडातल्या लीथ गावच्या टॉमस लाटा या डॉक्टरनं १८३२च्या मे महिन्यात प्रत्यक्ष शिरेतून मिठाचं पाणी दिलं. त्याची पहिली रुग्ण एक वयस्क बाई होती, अगदी शेवटच्या घटकेला आलेली. तीनेक लिटर पाणी गेल्यावर ती शुद्धीवर आली, बोलू लागली, चेहऱ्यावर रंग आला. लाटा तिला दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून विश्रांतीला गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले, पुन्हा पाणी कुणी दिलं नाही, आणि काही तासांत ती गेली. घट चालू आहे तोवर भर चालू ठेवावी लागते, हा धडा पहिल्याच रुग्णानं दिला होता. लाटा पुढच्याच वर्षी वारला आणि ही पद्धत मागं पडली.

ओशॉनेसी पुढं हिंदुस्थानात आला. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि नंतर ज्या तारायंत्रानं कोलकाता आणि मुंबई जोडली गेली, ते उभारणारा माणूसही हाच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी पटकीच्या रुग्णांना शिरेतून दाट क्षारजल द्यायला सुरुवात केली. महत्त्वाचं हे की किती द्यायचं ते रॉजर्स रक्ताचं विशिष्ट गुरुत्व मोजून ठरवत. म्हणजे रक्त किती दाट झालं आहे हे रुग्णाच्या खाटेपाशीच मोजायचं आणि त्यावरून पाणी द्यायचं, ही गोष्ट आपल्याकडं शतकापूर्वी चालू होती. पण ती पटकीसाठी.

भाजण्याचं काय? म्युनिकमधल्या बूल या विकृतिशास्त्रज्ञाला १८५५च्या सुमारास भाजून गेलेल्या आणि पटकीनं गेलेल्या माणसांत साम्य दिसलं होतं. १८६०च्या दशकात पॅरिसच्या बारादूकनं लिहिलं की भाजलेला माणूस रक्त दाट झाल्यानं मरतो. १८८१ साली टापाइनर यानं चार रुग्णांत तेच दाखवलं. १९०५ साली अमेरिकेत हाल्डोर स्नेव्ह यानं भाजलेल्यांना मिठाचं पाणी द्या असं छापून सांगितलं. पटकीवरचा उपाय ठाऊक आहे, भाजणं पटकीसारखं आहे हेही ठाऊक आहे. मग दोन्ही जोडायला काय अडचण होती?

न्यायदर्शनाचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडा, अनुमानाचं उदाहरण एकच असतं : पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे. पण नैयायिक एक गोष्ट आवर्जून सांगतात. नुसता धूर दिसून अनुमान होत नाही. जिथं जिथं धूर तिथं तिथं अग्नी, ही व्याप्ती मनात आधी असावी लागते, आणि धूर दिसल्या क्षणी ती आठवावी लागते. स्वयंपाकघर कधीच न पाहिलेल्या माणसाला धूर हा नुसता करडा ढग. दाट रक्त हा असाच धूर होता. बूलनं पाहिला, बारादूकनं पाहिला. पण वैद्यकाच्या मनात व्याप्ती दुसरीच बसली होती, विषाची.

तो काळच तसा होता. जंतूंचा शोध लागलेला, जंतूंची विषं सापडलेली, घटसर्पाचं विष आणि त्यावरची लस ही ताजी कीर्ती. तेव्हा भाजलेल्या कातडीत काहीतरी विष तयार होतं, ते रक्तात शिरतं आणि माणूस मरतो, हा सिद्धान्त सहज पटण्यासारखा होता. त्यातून उपाय निघाले ते विषावरचे. टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयात ब्रूस रॉबर्टसन हा शल्यचिकित्सक १९२०च्या आसपास भाजलेल्या मुलांचं ‘विषारी’ रक्त काढून टाकायचा आणि त्याच वेळी दात्याचं रक्त भरायचा. आमच्या मते या उपचाराचा काही गुण आला असेल, तर तो काढलेल्या रक्तामुळं नसून भरलेल्या रक्तामुळं. पण गुण आला की विषाचा सिद्धान्त आणखी पक्का.

याहून बोलकं उदाहरण टॅनिक ॲसिडचं. हिरडा आणि बाभळीची साल वापरून आपल्याकडं कातडी कमावतात, त्यातलं कमावणारं द्रव्य ते हेच. १९२५ साली डेट्रॉइटच्या डेव्हिडसननं ते जखमेवर मारायला सुरुवात केली. हेतू असा की जळकी कातडी कमावून टाकायची, म्हणजे तिच्यातलं विष आतच बांधलं जाईल. जखमेवर काळी टणक खपली धरायची आणि मृत्यू खरोखर कमी झाले. झालं, जगभर टॅनिक ॲसिड. त्या खपलीखालून बाहेर झरणारं पाणी थोडंफार अडत होतं, ही गोष्ट कारण म्हणून पुढं यायला वेळ लागला. दुसऱ्या महायुद्धात आर्चिबॉल्ड मॅकिंडो यांच्या लक्षात आलं की जळत्या विमानातून समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा जास्त चांगल्या भरतात, आणि टॅनिक ॲसिडनं कमावलेली बोटं मात्र आखडतात. ते यकृतालाही इजा करतं हे कळल्यावर त्याचं राज्य संपलं. पंधरा-सतरा वर्षं चाललं. फळ मिळालं म्हणून कारण बरोबर, ही चूक तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही पकडतो. पण समोर जगणारा-मरणारा रुग्ण असला की भल्याभल्यांच्या हातून ती सुटते.

मग ही गोष्ट कुणाला दिसली? भाजण्याशी संबंध नसलेल्या माणसाला. फ्रँक अंडरहिल हे येल विद्यापीठातले विषशास्त्राचे प्राध्यापक. पहिल्या महायुद्धात त्यांच्याकडं काम होतं विषारी वायूंचं. या वायूंमुळं फुप्फुसात रक्तातलं द्रव झरतं, फुप्फुस पाण्यानं भरतं आणि इकडं रक्त दाट होतं, हे त्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. त्यामुळं दाट रक्ताचा आकडा दिसला की पाणी कुठं गेलं हा प्रश्न त्यांच्या अंगवळणी पडलेला.

२७ नोव्हेंबर १९२१, रविवार. येलच्याच गावात, न्यू हेवनमध्ये, रियाल्टो थिएटरला आग लागली. पडद्यावर ‘द शेख’ हा त्या वर्षीचा गाजलेला मूकपट होता. या आगीत भाजलेले वीसेक रुग्ण अंडरहिल यांना अभ्यासायला मिळाले. त्यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. फोडातलं पाणी काढून त्याचं पृथक्करण केलं, आणि रुग्णांचं रक्त वेळोवेळी तपासून ते किती दाट होतंय ते टिपत गेले. फोडातलं पाणी नुसतं पाणी नव्हतं. त्यात क्षार होते, प्रथिनं होती, ते जवळजवळ रक्तातल्या प्लाझ्मासारखंच होतं. म्हणजे जखमेतून विष आत जात होतं म्हणण्यापेक्षा रक्तच बाहेर चाललं होतं. एक विषशास्त्रज्ञ सांगत होता की इथं विष नको शोधू. आम्हाला या इतिहासातला हा प्रसंग सगळ्यांत आवडतो. त्यांनी तोंडावाटे, त्वचेखालून, शिरेतून, जमेल त्या वाटेनं रुग्णांना मीठपाणी दिलं, आणि १९३०पर्यंत यावर लिहीत राहिले.

तरी लगेच सगळं बदललं नाही. अंडरहिल यांचं म्हणणं मान्य करणारेही जखमेला टॅनिक ॲसिड लावतच होते. बदल घडला तो आणखी एका आगीनंतर. २८ नोव्हेंबर १९४२च्या शनिवारी रात्री बॉस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबमध्ये आग लागली. हजाराच्या घरात माणसं आत होती, मान्य मर्यादेच्या दुप्पट. फिरत्या दरवाजात गर्दी अडकली. ४९२ माणसं मेली. युद्धामुळं बॉस्टनची रुग्णालयं मोठ्या संकटाच्या तयारीत होती, रक्तातला प्लाझ्मा साठवून ठेवलेला होता. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ऑलिव्हर कोप यांनी ठरवलं की जखमा कमावायच्या नाहीत. साधी मलमाची मऊ पट्टी बांधायची आणि सगळं लक्ष शिरेतून जाणाऱ्या द्रवाकडं द्यायचं. पुढं १९४७ साली कोप आणि फ्रान्सिस मूर यांनी शरीरातल्या पाण्याच्या स्थलांतरावर निबंध लिहिला. पाणी हरवलेलं नाही, शरीरातल्या शरीरात जागा बदलून बसलं आहे, आणि किती बसेल ते जखमेच्या आकारावर ठरतं, हा त्याचा गाभा.

आकार म्हटला की मोजणी आली. १९४४ साली बॉस्टनमधल्याच लंड आणि ब्राउडर यांनी वयाप्रमाणे शरीराच्या भागांचं क्षेत्रफळ सांगणारा तक्ता केला. तान्ह्या बाळाचं डोकं म्हणजे त्याच्या कातडीचा सुमारे १९ टक्के भाग, मोठ्या माणसाचं सुमारे ७. मोठ्यांसाठी पुढं नवाचा नियम रूढ झाला : डोकं ९, एकेक हात ९, एकेक पाय १८, पुढचं धड १८, पाठ १८, उरलेला १. रुग्णाचा स्वतःचा बोटांसकट तळवा म्हणजे साधारण १ टक्का. ही मोजणी दिसायला शाळकरी, पण तिच्यामुळं ‘खूप भाजलंय’ या शब्दांच्या जागी आकडा आला.

आकडा आला की सूत्र येतंच. १९५२ साली रिचमंडच्या एव्हरेट इव्हान्स यांनी वजन आणि टक्केवारी यांचा गुणाकार करून पहिलं सर्वमान्य सूत्र दिलं. निम्मा प्लाझ्मासारखा प्रथिनयुक्त द्रव, निम्मं मीठपाणी, वर दोन लिटर ग्लुकोज. पुढच्याच वर्षी अमेरिकन लष्कराच्या ब्रूक रुग्णालयानं त्यात फेरफार करून प्रथिनं कमी केली.

मधल्या काळात मोठा वाद पेटला होता. प्लाझ्मा हवा की नुसतं मीठपाणी पुरे? प्लाझ्मा महाग, आणि अनेक दात्यांचा एकत्र केलेला प्लाझ्मा दिल्यानं कावीळ पसरत होती. सॅनफर्ड रोझेंथल यांनी उंदरांवर दाखवलं की मीठपाणीही जीव वाचवतं. मग १९५०च्या दशकात त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरूमधल्या लिमा शहरात माणसांवर चाचणी घेतली. अमेरिकेबाहेर, तुलनेनं गरीब देशात, तोंडानं पाजलेलं मीठपाणी प्लाझ्माच्या तोडीस उतरतं का, हे तपासायला. १९५६ साली ती छापली गेली, आणि पहिल्या दिवसांत मीठपाणी कमी पडलेलं नव्हतं. जिथं शिरेतून देणं शक्यच नाही अशा आपत्तीत मध्यम भाजलेल्या आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाला मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजणं हा मार्ग आजही सांगितला जातो. वनगावच्या छावणीत १९७१ साली दिलीप महालनबीस यांनी पटकीवर जे केलं ते आपल्याला माहीत असतं. लिमाची आठवण कुणाला नसते.

आता येऊ डॅलसकडं. पार्कलंड मेमोरियल हॉस्पिटल. १९६३ साली केनेडींना गोळ्या लागल्यावर नेलं ते हेच, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत चार्ल्स बॅक्स्टर होते. या बॅक्स्टर यांनी टॉम शायर्स यांच्याबरोबर किरणोत्सारी द्रव्यं वापरून भाजल्यानंतर शरीरातलं पाणी कुठून कुठं जातं ते मोजलं आणि १९६८ साली निष्कर्ष मांडले. त्यातून आलं ते पार्कलंड सूत्र : वजनाच्या दर किलोला, भाजलेल्या दर टक्क्याला, ४ मिलिलिटर रिंगर लॅक्टेट, चोवीस तासांत. निम्मं पहिल्या ८ तासांत, उरलेलं पुढच्या १६ तासांत.

या रिंगर लॅक्टेटबद्दल जाता जाता. आपल्या दवाखान्यात ज्याला आरएलची बाटली म्हणतात ते. लंडनचे सिडनी रिंगर बेडकाच्या हृदयावर प्रयोग करत होते, आणि मदतनिसानं शुद्ध पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरल्यामुळं हृदय चांगलं धडधडत राहिलं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. त्या द्रावणात १९३०च्या दशकात सेंट लुइसच्या हार्टमन यांनी लॅक्टेट मिसळलं.

सूत्र काय मागतं ते बघा. ६० किलोचा माणूस, ४० टक्के भाजलेला. ४ गुणिले ६० गुणिले ४०, म्हणजे ९६०० मिलिलिटर. अर्ध्या लिटरच्या एकोणीस बाटल्या, एका दिवसात. या माणसाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं सव्वाचार लिटरच्या आसपास. त्याच्या दुपटीहून जास्त पाणी आपण ओततो आहोत. पहिल्या ८ तासांत ४८०० म्हणजे तासाला ६००. आणि हे ८ तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे. तो तीन तास उशिरा पोचला तर तेच ४८०० पाच तासांत द्यावे लागतील, तासाला ९६०. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून शहराला पाठवलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा हिशोब किती बिकट होत असेल ते तुम्हीच पाहा. भारतात दरवर्षी दहा लाखांहून जास्त लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही काही डॅलसपुरती गोष्ट राहत नाही.

इथं आमचे नैयायिक पुन्हा मदतीला येतात. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच का? नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी सरपण ओलं लागतं. या न सांगितलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. सूत्रालाही अशा उपाधी असतात. खुद्द बॅक्स्टर यांनीच १९७९ साली नोंदवलं की प्रौढांपैकी सुमारे ७० टक्के रुग्णांना ३.७ ते ४.३ मिलिलिटर लागतात. म्हणजे उरलेल्या ३० टक्क्यांना कमी किंवा जास्त. धूर छातीत गेलेला असेल तर जास्त, विजेच्या जबर धक्क्यानं मांस जळलेलं असेल तर कातडीवरचे टक्के मोजून भागत नाही, उपचार उशिरा सुरू झाला तर गणित वेगळं. मूल असेल तर आणखी वेगळं. आणि सूत्रातला एक भाग तर लोक विसरूनच गेले. गाळणी बुजत आली की, साधारण चोविसाव्या तासानंतर, प्लाझ्मा द्यावा, असं मूळ सूत्रात आहे. पाठ राहिला तो चाराचा आकडा.

मग किती द्यायचं हे कोण ठरवणार? रुग्णाचं मूत्रपिंड. मोठ्या माणसाला तासाला ३० ते ५० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. कमी झाली तर द्रव वाढवा, जास्त झाली तर कमी करा. सूत्र फक्त पहिल्या तासाचा अंदाज देतं. त्यानंतर प्रत्यक्ष प्रमाण हाताशी असतं, नळीला जोडलेल्या पिशवीत, दर तासाला मोजता येतं. प्रत्यक्ष हाती असताना अनुमानाला चिकटून बसायचं कारण नाही.

पण तसं झालं मात्र. ‘वाढवा’ हे लोकांनी पाळलं, ‘कमी करा’ हे पाळलं नाही. कारण समजण्यासारखं आहे. कमी पडलं आणि रुग्ण गेला तर डॉक्टरचा दोष उघड दिसतो. जास्त झाल्यानं गेला तर तो भाजण्यामुळंच गेला असं वाटतं. भाजलेला भाग डोळ्यांनी मोजताना टक्केवारी फुगते ती वेगळीच. एकविसाव्या शतकाच्या तोंडाशी बेझिल प्रुइट यांनी, ब्रूकच्या लष्करी केंद्रात आयुष्य घातलेल्या शल्यचिकित्सकानं, सांगायला सुरुवात केली की रुग्णांना सूत्राहूनही कितीतरी जास्त पाणी दिलं जातंय. पाझरणाऱ्या गाळणीतून ते सगळं मांसात आणि पोटात जाऊन बसतं. पोटातला दाब इतका वाढतो की मूत्रपिंडाला रक्त पोचत नाही आणि लघवी थांबते. लघवी थांबली म्हणून आणखी पाणी दिलं जातं. दिवसात किलोला २५० मिलिलिटरच्या पुढं गेलं की हा धोका मोठा, असं एक मोजमाप आहे. आपल्या ६० किलोच्या माणसाला १५ लिटर. म्हणजे तेच चिन्ह, लघवी कमी होणं, एकदा पाणी कमी पडल्याचं असतं आणि एकदा जास्त झाल्याचं. एकाच धुराखाली दोन निराळे अग्नी. बूलच्या काळी चिन्ह दिसूनही अर्थ लागत नव्हता, आता अर्थ इतका पाठ झाला होता की दुसरा अर्थ सुचत नव्हता.

त्यावर झालेली दुरुस्ती साधी आहे. कमीतून सुरू करायचं. प्रुइट यांच्याच केंद्रानं ४ ऐवजी २ मिलिलिटरचं सूत्र मांडलं होतं. तिथल्याच लष्करी डॉक्टरांनी २०१० साली त्याहून सोपा नियम दिला : ४० ते ८० किलोच्या प्रौढाला जितके टक्के भाजलं त्याच्या दहापट मिलिलिटर, दर तासाला. आपला तोच माणूस घ्या. पार्कलंड म्हणतं तासाला ६००, दोनाचं सूत्र म्हणतं ३००, दहाचा नियम म्हणतो ४००. यातलं कुठलं खरं, असा प्रश्न आमचे विद्यार्थी विचारतील. तिघांपैकी कुठूनही निघालं तरी दोन-तीन तासांत लघवीकडं पाहणारी परिचारिका त्या माणसाला साधारण एकाच आकड्यापाशी आणून सोडेल, जर तिच्याकडं रात्रभर दर तासाला पाहायला वेळ असेल तर. एका पाळीत चाळीस खाटा सांभाळणाऱ्या परिचारिकेकडं तो नसतो, आणि अशा वेळी बाटलीवर लिहिलेला आकडाच सकाळपर्यंत चालू राहतो.

एक चिठ्ठी आली आहे. घरात कुणी भाजलं तर पाणी पाजावं का, असं विचारलंय. याचं खरं उत्तर डॉक्टरांचं. सर्वत्र मान्य असलेलं तेवढं सांगतो. भाजलेल्या जागेवर नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं सोडावं, बर्फ नको. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आत काढाव्यात. टूथपेस्ट, तूप, शाई काहीही लावू नये. स्वच्छ कापड झाकून दवाखान्यात न्यावं. लहान मूल असेल, किंवा खूप भाजलं असेल, तर गारठू देऊ नये. पाजण्याबद्दल १०८च्या रुग्णवाहिकेतले डॉक्टर सांगतील ते करावं. आणि किती वाजता भाजलं ते कुणीतरी कागदावर लिहून बरोबर द्यावं. गडबडीत ते कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि पहिल्या आठ तासांचं गणित तिथूनच सुरू होतं.